छोट्या दुकानदाराचे करविवरण : घरच्या घरी, स्वतःच्या हाताने

गावातील किराणा दुकानदाराला दिवसाच्या गल्ल्याचा हिशेब तोंडपाठ असतो. कोणाकडे किती उधारी आहे, हेही तो वही न उघडता सांगतो. परंतु ‘विवरणपत्र’ हा शब्द निघाला की तोच दुकानदार बिलांची पिशवी घेऊन तालुक्याच्या गावाची वाट धरतो. गुंतागुंतीच्या व्यवहारांत जाणकाराचा सल्ला घेणे योग्यच होय. तथापि, लहान व्यापाऱ्यासाठी कायद्याने जी सोपी वाट आखून दिली आहे, ती त्याला स्वतःला चालता येण्यासारखी आहे.

आपसमेळ योजना

मुंबई प्रांतात १९४६ साली विक्रीकर आला, २००५ साली महाराष्ट्रात मूल्यवर्धित कर आला आणि १ जुलै २०१७ पासून देशभर वस्तू व सेवा कर लागू झाला. केवळ मालाचा व्यापार करणाऱ्यास राज्यात सर्वसाधारणपणे वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. त्यापुढील, परंतु दीड कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यास आपसमेळ योजना स्वीकारता येते. त्यासाठी आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वी पर्याय द्यावा लागतो.

या योजनेत व्यापाऱ्याने करपात्र विक्रीवर १ टक्का कर भरावयाचा असतो. निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. मात्र हा कर ग्राहकाकडून वेगळा वसूल करता येत नाही, खरेदीवर दिलेल्या कराची वजावट मिळत नाही आणि परराज्यात माल विकता येत नाही. दुकानाच्या फलकावर आपसमेळ करदाता असल्याचा उल्लेख असणेही आवश्यक आहे.

तिमाहीचे गणित

एखाद्या दुकानाची तिमाही विक्री १२ लाख रुपये आहे, असे समजू. त्यात सुटे धान्य, भाजीपाला अशा करमुक्त मालाची विक्री ३ लाखांची आहे. उरलेल्या ९ लाखांवर १ टक्क्याने ९,००० रुपये कर होतो. म्हणजे ४,५०० केंद्राचे व ४,५०० राज्याचे. काही मोजक्या व्यवहारांत, उदाहरणार्थ मालवाहतूक संस्थेच्या भाड्यावर, कर भरण्याची जबाबदारी खरेदीदारावर येऊ शकते. तशी रक्कम असल्यास ती नेहमीच्या दराने यात मिळवावी.

हे आकडे ‘सीएमपी-०८’ या नमुन्यात भरून तिमाही संपल्यानंतरच्या महिन्याच्या १८ तारखेपर्यंत, म्हणजे जुलै, ऑक्टोबर, जानेवारी व एप्रिल या महिन्यांत, संकेतस्थळावर सादर करावयाचे असतात. चलनाची रक्कम १०,००० रुपयांपर्यंत असल्यास ती बँकेच्या खिडकीवरही भरता येते. उशीर झाल्यास थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज पडते.

नेमकी चूक कोठे होते?

चार तिमाह्यांचा कर भरला म्हणजे वर्षाचे काम संपले, अशी अनेकांची समजूत असते. ती घातक आहे. ‘सीएमपी-०८’ हे कर भरल्याचे निवेदन होय; वार्षिक विवरणपत्र ‘जीएसटीआर-४’ वेगळेच आहे. २०२४-२५ या वर्षापासून ते पुढील ३० जूनपर्यंत सादर करावयाचे असते. उशिरासाठी दररोज ५० रुपये, कमाल २,००० रुपये विलंब शुल्क आहे. देय तारखेनंतर तीन महिने उलटूनही विवरणपत्र आले नाही, तर नोंदणी रद्द करण्याची कारवाई होऊ शकते. कर वेळेवर भरणाऱ्या प्रामाणिक दुकानदारावरही हा प्रसंग ओढवू शकतो.

या विवरणपत्रात वर्षाची खरेदी व विक्री यांचे आकडे द्यावे लागतात. तिमाही निवेदनांतील रकमा आपोआप उमटतात, म्हणून विक्रीचा तक्ता कोरा ठेवू नये. तसे केल्यास भरलेला कर जादा भरणा म्हणून दिसतो आणि हिशेब बिघडतो. एकदा सादर केलेले विवरणपत्र दुरुस्त करता येत नाही. यास्तव सादर करण्यापूर्वी प्रत्येक आकडा वहीशी ताडून पाहावा.

वही आणि किल्ली

पाडव्याला नव्या वहीची पूजा होते. सरकारी वर्ष मात्र १ एप्रिल ते ३१ मार्च असे चालते. रोजकीर्दीत दररोज तीन रकाने ठेवावेत : करपात्र विक्री, करमुक्त विक्री आणि खरेदी. महिनाअखेर बेरीज मांडली की तिमाहीचे काम तासाभराचे उरते. वह्या व बिले वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावीत.

दुसरी गोष्ट संकेतशब्दाची. एकल मालकीच्या दुकानदारास मोबाईलवर येणाऱ्या एकवार सांकेतिक अंकाने विवरणपत्र प्रमाणित करता येते. नोंदणीत दुसऱ्याचाच क्रमांक असेल, तर सूचनाही त्याच्याकडेच जातात आणि मालक अंधारात राहतो. तो क्रमांक संकेतस्थळावर बदलून घेता येतो. दुकानाची किल्ली जशी आपण परक्याकडे ठेवत नाही, तसेच याचेही आहे.

गावातील शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांनी जून महिन्यात एखादी संध्याकाळ काढून दुकानदारांना त्यांच्याच वहीवरून हे गणित करून दाखविल्यास मोठे काम होईल. एकदा स्वतःच्या हाताने विवरणपत्र भरले की त्याची भीती उरत नाही, आणि पुढे सल्लागाराकडे जावे लागले तरी दुकानदार आपला हिशेब स्वतः जाणून जातो.