वाट अडली तर?

एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचा सर्वांत कमी वेळाचा मार्ग शोधण्याची सुटसुटीत रीत एडस्गर डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९५६ साली बसविली व १९५९ साली प्रसिद्ध केली. चौक म्हणजे बिंदू आणि रस्ते म्हणजे त्यांना जोडणाऱ्या रेषा मानून प्रत्येक रेषेवर लागणारा वेळ लिहावयाचा, की उरलेले काम बेरजेचे व तुलनेचे राहते. मात्र रेषेवर लिहिलेला आकडा बदलत नाही, असे या रीतीत गृहीत धरलेले असते. शहरातले रस्ते इतके आज्ञाधारक नसतात.

मुंबईतील अंधेरीचे उदाहरण घेऊ. पश्चिम रेल्वेच्या रुळांमुळे या उपनगराचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग पडले आहेत, आणि वाहनांना रूळ ओलांडण्याच्या जागा मोजक्याच आहेत. त्यांपैकी रुळांखालचा भुयारी मार्ग जोराच्या पावसात पाण्याने भरतो व बंद करावा लागतो. दुसरी जागा गोखले पुलाची. जुलै २०१८ मध्ये त्याचा काही भाग कोसळला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल वाहतुकीस बंद झाला, आणि नव्या पुलाची एक बाजू खुली होण्यास फेब्रुवारी २०२४ उजाडला.

अशा ठिकाणी रुग्णवाहिका कोणत्या वाटेने न्यावी? वाचकांनी कागद-पेन्सिल घ्यावी. पुढील आकडे केवळ हिशेबासाठी कल्पिलेले आहेत.

भुयारी मार्गाने रुग्णालय २० मिनिटांवर आहे, पुलावरून ३० मिनिटांवर. भुयार बंद असेल तर ते तोंडाशी पोहोचल्यावरच कळते. मग मागे वळून पुलाने जाताना एकूण ४५ मिनिटे लागतात. दहांतून एकदा भुयार बंद असते असे धरल्यास त्या वाटेची सरासरी २२॥ मिनिटे येते. सरासरी पाहणारा मनुष्य भुयारच निवडील. परंतु रोग्याला ३५ मिनिटांच्या आत पोहोचविणे आवश्यक असेल, तर दहांतला एक रोगी या निवडीने दगावण्याचा संभव आहे. रोग्याला सरासरीचा काय उपयोग?

आता तिसरा विचार करू. वाटेत एक चौक आहे. तेथून भुयाराकडेही जाता येते व पुलाकडेही, आणि भुयार खुले आहे की नाही हे तेथेच समजते. चौकातून जाण्याचा वळसा धरून भुयाराने २४ मिनिटे व पुलाने ३२ मिनिटे लागतात. सरासरी २४.८ मिनिटे झाली, म्हणजे पहिल्या वाटेपेक्षा सुमारे सव्वादोन मिनिटे अधिक; पण कोणत्याही परिस्थितीत ३२ मिनिटांपलीकडे वेळ जात नाही. येथे मार्ग ही एकच ठरलेली रेषा राहिली नाही. ‘चौकापर्यंत जा, भुयार खुले असल्यास तिकडे वळ, नसल्यास पूल धर’ असा तो एक नियम झाला.

‘दहांतून एकदा’ हा आकडाही फसवा असतो. तो वर्षभराचा हिशेब झाला. भर पावसाळ्यात, समुद्राला भरती असताना, भुयार दोहोंतून एकदा बंद असेल असे धरून पाहा: थेट भुयाराची सरासरी ३२॥ मिनिटांवर जाते, पुलाची ३० च राहते, चौकाची २८ होते. शिवाय भुयार बंद झाले की तिकडची वाहने पुलाकडे वळतात, आणि पुलाची ३० मिनिटेही ३० राहत नाहीत. एक अडथळा दुसऱ्याला जन्म देतो. दोहोंचे गणित वेगवेगळे मांडून चालत नाही.

बंद रस्ता जवळ गेल्यावरच कळतो, या प्रकारच्या कोड्याला पापादिमित्रिऊ व यानाकाकिस या संशोधकांनी ‘कॅनडाच्या प्रवाशाचा प्रश्न’ असे नाव दिले आहे. बर्फाने रस्ते अडणाऱ्या देशाचे नाव त्याला शोभतेही. रस्त्यांचे जाळे मोठे असेल तर त्याचे सर्वोत्तम उत्तर काढणे संगणकालाही अतिशय जड जाते, असे त्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले.

आपल्या हिशेबात मात्र सारा फरक पडला तो बातमी कोठे मिळाली यामुळे. ‘मार्ग बंद’ ही पाटी भुयाराच्या तोंडाशी लावली, तर तिथवर आलेल्या चालकाची ४५ मिनिटे चुकत नाहीत. तीच पाटी चौकात लावली, तर १३ मिनिटे वाचतात.