ऑपरेशन चालू असताना हृदय कोण बघतं?

माहीमला शितळादेवी मंदिराजवळ राहणारे एक वडील मुलीला घेऊन माझ्याकडे आले. बारावी सायन्स झालेली, नीट दिलेली, आणि घरात एकच धोशा: डॉक्टर व्हायचं तर सर्जनच. मुलीचा प्रश्न मात्र वेगळा होता. आजीची हृदयाची झडप दुरुस्त केली, तेव्हा ती पुरती मिटते का हे टेबलावरच तपासलं म्हणे. "ते तपासलं कोणी?"

भूलतज्ज्ञाने. वडिलांना हे पटेना. भूल दिली की त्यांचं काम संपलं, असाच बहुतेकांचा समज असतो.

छातीवर जेली लावून काढतात तो टू-डी इको घरोघरी माहीत आहे. ऑपरेशनमध्ये छातीवर सर्जनचे हात असतात. म्हणून रुग्णाला भूल चढली की भूलतज्ज्ञ टोकाला इकोचा प्रोब असलेली, बोटाएवढ्या जाडीची नळी तोंडातून अन्ननलिकेत उतरवतात. अन्ननलिका हृदयाच्या डाव्या कर्णिकेला मागून जवळजवळ चिकटून जाते. मध्ये ना बरगडी, ना फुप्फुस, त्यामुळे चित्र लख्ख येतं. डॉक्टर याला टीईई म्हणतात.

खरी कसोटी लागते ती रुग्णाला हार्ट-लंग मशीनवरून उतरवताना. कप्प्यात अडकलेली हवा पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांसारखी चमकते. झडपेतून रक्ताची उलटी धार रंगात उमटते. धार मोठी असेल तर "परत मशीनवर घ्यावं लागेल" हे चार तास उभ्या असलेल्या सर्जनला तिथल्या तिथे सांगावं लागतं. रक्तदाब घसरला तर हृदयात रक्तच कमी भरतंय की स्नायू थकलाय, हेही दिसतं. पहिल्यात रक्त किंवा सलाईन द्यायचं. दुसऱ्यात तेच जास्त दिलं तर घात. परळच्या केईएममध्ये १९६८ साली डॉ. पी. के. सेन यांनी देशातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं, तेव्हा हे साधन हाताशी नव्हतं. छातीवरून काढलेला हृदयाचा पहिला इको मात्र त्याआधीच, १९५३ साली स्वीडनमध्ये निघाला होता, तोही गोदीत धातूतल्या भेगा शोधणाऱ्या यंत्राच्या मदतीने!

आता वाट. इंटर्नशिप धरून एमबीबीएस साडेपाच वर्षं, भूलशास्त्रात एमडी तीन, मग नीट-एसएस देऊन कार्डियाक अ‍ॅनेस्थेशियात डीएम आणखी तीन. एमडी आणि डीएम या दोन्हींच्या प्रवेशपरीक्षांची तयारी आणि बंधपत्राची सेवा धरली तर तिशी उलटते. हे पालकांनी आजच मान्य करावं, पुढे मुलांना टोचू नये. एमबीबीएसला नंबर लागला नाही तर कार्डियाक टेक्नॉलॉजीची पदवी आहे. त्यातून ओपीडीतले इको, ईसीजी, कॅथलॅब ही सन्मानाची कामं मिळतात. पण टेबलावरचा टीईईचा निर्णय डॉक्टरचाच राहतो. सहा महिन्यांत "इको एक्स्पर्ट" करणाऱ्या क्लासला पैसे भरण्याआधी विद्यापीठाची मान्यता आणि प्रत्यक्ष रुग्णालयातलं प्रशिक्षण कागदावर बघा.

उठताना वडील म्हणाले, "एवढं करून नाव सर्जनचंच होणार. भूल कोणी दिली हे कोण लक्षात ठेवतं?"

"आजी ठेवते," मुलगी म्हणाली. "आदल्या संध्याकाळी तेच डॉक्टर तिच्या खाटेशी बसले होते. गिळताना घास अडकतो का, दात हलतो का, सगळं विचारलं. ती अजून त्यांचं नाव सांगते."