उपवासकाळ व मार्थेची धांदल
वाचावयाचा भाग : लूक १०:३८-४२

राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत, रविवार वगळतां, उपवासकाळाचे ४० दिवस होतात. या दिवसांत कोणी मांस सोडितो, कोणी तंबाखू. तें बरेंच आहे. पण मार्थेनें काय सोडावयास हवें होतें? तिची धांदल पापाची नव्हती, प्रभूच्याच पाहुणचाराची होती. तरी त्या धांदलीनेंच तिचें मन प्रभूपासून दूर ओढिलें. आम्हां उपदेशकांचें हेंच दुखणें. गुडघे टेकितों आणि मनांत मंडळीच्या वर्गणीचा हिशेब चालतो. माझा तर गेल्या रविवारीं उपासनेंतहि चालला होता! प्रभूनें मार्थेला झिडकारिलें नाहीं. दोनदां नांव घेऊन परत बोलाविलें. आज दिवेलागणीस वही मिटून घटकाभर त्याच्या पायांशीं बसा. हिशेब सकाळीं करितां येईल.