आधी गॅप, मग टायमिंग : जुन्या अ‍ॅम्बॅसिडरच्या डिस्ट्रिब्युटरचा धडा



दहावीला विद्युतचुंबकीय प्रवर्तन शिकवताना आपण कुंतल, चुंबक आणि गॅल्व्हॅनोमीटर दाखवतो. मुलं व्याख्या पाठ करतात आणि मग विचारतात, "सर, याचा उपयोग काय?" मी त्यांना आमच्या नानांच्या १९७८ च्या पेट्रोल अ‍ॅम्बॅसिडरचं बॉनेट उघडून दाखवतो. आज तोच पाठ तुमच्यासाठी.

ठिणगी कशी पडते?

बॅटरी १२ व्होल्टची. प्लगमध्ये ठिणगी पाडायला मात्र हजारो व्होल्ट लागतात. सीबी पॉइंट मिटलेले असतात तेव्हा इग्निशन कॉइलच्या पहिल्या वेढ्यांतून करंट वाहतो. डिस्ट्रिब्युटरमधला चार कोपऱ्यांचा कॅम फिरून पॉइंट उघडतो, करंट तुटतो, चुंबकीय क्षेत्र झपकन कोसळतं आणि दुसऱ्या वेढ्यांत उच्च दाब तयार होतो. हेच ते प्रवर्तन! पॉइंटवर ठिणगी उडून ते जळू नयेत आणि करंट झटकन तुटावा म्हणून कंडेन्सर असतो. तयार झालेला दाब रोटर १-३-४-२ या क्रमाने प्लगना वाटतो.

लक्षात घ्या, ठिणगी पडते ती पॉइंट उघडताना. पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

तपासणीचा क्रम

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, किल्ली बंद. मुलांनी फक्त बघायचं; हात मोठ्यांनीच लावायचा.

१. प्लगच्या वायरींना नंबर लावा, मग कॅप काढा. आत तडा, काळी रेघ किंवा ओल आहे का पाहा. मधला कार्बन झिजला नाही ना, तेही पाहा.

२. कॉइलकडून येणारी जाड वायर कॅपमधून काढून इंजिनच्या लोखंडाला नीट टेकवून ठेवा. मग हँडल मारताना इंजिन चालू होणार नाही.

३. पॉइंट जळून खड्डे पडले असतील तर बदला. हँडलने इंजिन हळूहळू फिरवून पॉइंट पूर्ण उघडतील असं थांबवा आणि फिलर गेजने गॅप मोजा. या गाडीला ०.३५ ते ०.४० मिलिमीटर लागतो. पान किंचित अडखळत सरकलं पाहिजे. स्क्रू आवळल्यावर गॅप पुन्हा मोजा, कारण आवळताना तो हलतो.

४. कॅमला ग्रीसचं बोट नुसतं पुसा. पॉइंटच्या तोंडाला तेल-ग्रीस लागू देऊ नका.

५. आता टायमिंग. इंजिन चालतं त्याच दिशेने फिरवत पुलीची खूण मॅन्युअलमधल्या अंशांवर आणा. रोटरचं तोंड एक नंबरच्या वायरीकडे हवं. नसेल तर इंजिन आणखी एक फेरा फिरवा.

६. कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरला येणाऱ्या बारीक वायरीचं टोक आणि इंजिनचं लोखंड यांच्यामध्ये १२ व्होल्टचा छोटा दिवा जोडा आणि किल्ली चालू करा. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करा. वरून पाहिलं तर रोटर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. डिस्ट्रिब्युटर आधी त्याच दिशेने, दिवा विझेपर्यंत फिरवा. मग सावकाश परत आणा. दिवा लागला त्या क्षणी पॉइंट उघडले. तिथेच आवळा आणि किल्ली लगेच बंद करा, नाहीतर पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल तापते.

माझी चूक

पहिल्यांदा मी उलटं केलं होतं. आधी टायमिंग बसवलं, मग शेवटी आठवण झाली म्हणून झिजलेल्या पॉइंटचा गॅप वाढवला. अंगणात गाडी मस्त चालली. कात्रजच्या घाटात मात्र इंजिन खडखडायला लागलं. नाना एवढंच म्हणाले, "गाडी बाजूला घे. आधी काय केलंस ते सांग."

कारण साधं होतं. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे ठिणगीही लवकर पडते. मी नीट बसवलेलं टायमिंग मीच पुढे ढकललं होतं. असंच घाट चढत राहिलो असतो तर पिस्टनला इजा झाली असती. उलट, कॅमवर घासणारा पॉइंटचा भाग झिजला की गॅप कमी होतो आणि ठिणगी उशिरा पडते; गाडी ओढत नाही. दोन्ही वेळा दोष टायमिंगमध्ये दिसतो, पण मूळ असतं गॅपमध्ये.

त्यानंतर वर्गातही मी तसं बघायला लागलो. भागाकार चुकणाऱ्या मुलीला मी आठवडाभर भागाकारच देत होतो. वही नीट पाहिली तेव्हा कळलं, चूक हातच्याच्या वजाबाकीत होती. दोन दिवस फक्त वजाबाकी घेतली आणि भागाकार आपोआप सुधारला. पालकहो, घरी अभ्यास घेताना हे जरूर करून पाहा. मूल अडलं तिथून एक पायरी मागे जाऊन मोजा.

मुलांना विचारा

- चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन ठिणग्या लागतात. मिनिटाला ३००० फेरे असतील तर सेकंदाला किती ठिणग्या? (उत्तर : १००)
- चार स्ट्रोकच्या इंजिनात डिस्ट्रिब्युटर इंजिनच्या निम्म्या वेगानेच का फिरतो?
- टायमिंग बसवल्यानंतर गॅप बदलला तर काय होईल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगितलं, तर समजा, प्रवर्तन त्याला कळलं आणि क्रमाचं महत्त्वही.