परघरची चूल

भिवंडी हे मागांचे गाव आहे, आणि जेथे माग चालतात तेथे उधारीही चालते, ही गोष्ट या गावात घरोघर जाऊन स्वयंपाक करण्याचा व्यवसाय आरंभू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने, आणि विशेषतः प्रत्येक स्त्रीने, झारा हाती घेण्यापूर्वीच ध्यानात घेतली पाहिजे. सूत उधारीवर येते, कापड उधारीवर जाते, आणि मधल्या मुदतीत सायझिंगवाल्यापासून दलालापर्यंत सर्वांचे व्यवहार एकमेकांच्या शब्दावर तगून राहतात. ही रीत येथील सधन घरांच्या इतकी अंगवळणी पडलेली आहे की, रांधावयास येणाऱ्या माणसाचे वेतनही ‘पार्टीचे पैसे सुटले की देऊ’ या एका वाक्यावर पुढे ढकलले जाते आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नाही. परंतु कापडाचा तागा गोदामात मुदतभर पडून राहिला तरी तो ताग्याच्या रूपाने शिल्लक असतो, आणि माझे श्रम मात्र पंगत उठताच खर्ची पडलेले असतात. यास्तव व्यापाऱ्याची मुदत मजुराने मान्य करू नये, हे मी प्रथमच सांगून टाकते.

माझ्या सासूबाई पद्मानगरच्या बाजूस मागकामगारांची भिशी, म्हणजे खाणावळ, चालवीत. परप्रांतातून आलेले, माग चालवून तेथेच आसपास दाटीवाटीने राहणारे हे कामगार दोन्ही वेळचे जेवण भिशीत घेत आणि पगार झाला की हिशेब चुकता करीत. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, मागांचा खडखडाट थांबला, माणसे मिळेल त्या वाहनाने आणि पुढे पुढे तर पायीच आपापल्या मुलखास निघाली. आणि त्यांच्या नावांपुढच्या बाक्या वहीत तशाच राहिल्या. त्या कामगारांस मी लवमात्र दोष देत नाही, कारण त्यांच्याच हाती काही पडले नव्हते. भिशी मात्र पुन्हा उभी राहिली नाही. मग मी कामतघर, गोकुळनगर, ब्राह्मण आळी आणि काल्हेर-कशेळीपासून थेट खाडीपलीकडे ठाण्यापर्यंतच्या घरांतून, ग्राहकाच्याच स्वयंपाकघरात जाऊन, त्या कुटुंबाच्या रुचीप्रमाणे आणि पथ्याप्रमाणे रांधून देण्याचे काम पत्करले. अमेरिकेत या व्यवसायास गेल्या शतकाच्या अखेरीसच संघटित रूप आले असून तेथील पाकतज्ज्ञ एकाच खेपेत पुढील कित्येक दिवसांचे जेवण रांधून, डबे भरून, त्यांवर नाव व तारीख लिहून जातो. आपल्याकडे ताज्या अन्नाचा आग्रह असल्यामुळे ते रूप जसेच्या तसे येथे रुजणे कठीण आहे, तथापि डब्यावर तारीख घालण्याची त्यांची शिस्त मात्र अवश्य उचलावी अशी आहे.

भिशी आणि परघरची चूल यांतले अंतर आरंभीच ओळखले पाहिजे. भिशीत भांडी आपली, वेळ आपली, आणि थाळीचा दर भिंतीवर लिहिलेला. परघरी यांतले काहीच आपले नसते. तेथे आपण अन्न विकीत नसून आपला वेळ आणि आपले कौशल्य काही अटींवर देत असतो, आणि या अटी ज्याने आधी मुक्रर केल्या नाहीत त्याच्यासाठी त्या समोरचा माणूस रोज नव्याने ठरवितो. एका सूतव्यापाऱ्याच्या घरी मला घरच्या माणसांपुरत्या दोन वेळच्या स्वयंपाकासाठी बोलाविले होते. प्रारंभी सर्व सुरळीत चालले. मग विवाहित कन्या मुलांसह माहेरपणास आली, तिच्यामागून तिच्या सासरचे पाहुणे आले, पुढे एका पुतण्याच्या साखरपुड्याची ‘घरगुतीच’ म्हणून पंगत निघाली, आणि माणसांची संख्या दुपटीहून अधिक झाली तरी वेतनाचा आकडा जागचा हलला नाही. तो वाढविण्याचा विषय काढताच उलट मागील महिन्याचेच पैसे पुढच्या महिन्यावर गेले. तगाद्यासाठी मी पेढीवर गेले की शेठ घरी गेलेले असत, आणि घरी विचारले की व्यवहार पेढीवरचा आहे असे उत्तर मिळे. अखेरीस काही रक्कम हाती आली, काही बुडाली.

तेव्हापासून मी साध्या कागदावर ठरावपत्र केल्याविना कोणत्याही घरची शेगडी पेटवीत नाही. त्यात किती माणसांचे, किती वेळांचे आणि किती पदार्थांचे रांधावयाचे. जिन्नस कोणी आणावयाचे, आणि मी आणल्यास त्यासाठी तसलमात किती द्यावयाची. ओट्याची सफाई माझी की घरच्या मोलकरणीची. ठरलेल्या संख्येवर पाहुणा वाढल्यास माणशी किती आकार पडेल. आणि आयत्या वेळी ‘आज नको’ असा निरोप आल्यास त्या दिवसाचे निम्मे वेतन देय राहील, इतके सर्व येते. महिन्याचे वेतन निम्मे आगाऊ आणि निम्मे पंधरवड्याच्या अखेरीस. मेजवानीचे असेल तर इसार आधी आणि बाकी पंगत बसण्यापूर्वी. पंगत उठल्यावर हिशेब काढणे, हे यजमानाच्या आनंदात विरजण घालणे आहे असे पुष्कळांस वाटते व त्यांचे म्हणणे खरेही आहे. म्हणूनच हिशेब आधी व्हावा. ज्या घराने या कागदावर सही करण्यास संकोच केला, त्या घरी पुढे त्रासच झाला असता अशी माझी पक्की धारणा आहे. सरळ माणसास अटी लिहून पाहिजेच असतात.

भांडवलाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण या व्यवसायास भांडवल लागत नाही असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पहिला महिना-दीड महिना हाती पैसा येत नाही, ग्राहकाच्या वतीने आणलेल्या जिनसांत स्वतःचे पैसे गुंततात, आणि मग वाण्याकडे खाते उघडले जाते. मुंबईच्या गिरणगावात गिरणी-कामगारांस जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांची हीच कथा होती: वाणी आणि सावकार यांच्या व्याजात त्या अशा गुंतत की आयुष्यभर रांधूनही त्यांच्या नावावर देणेच राही. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायकांस एकत्र केले, आणि ज्यांच्यापाशी तारण ठेवण्यास काही नव्हते त्यांना परस्परांच्या जामिनावर राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. बँकेचे दार स्वयंपाक करणाऱ्या बाईसाठी उघडू शकते हे त्या कार्याने दाखविले, आणि मला त्याचे मोल फार वाटते. आजही बचतगटाचे कर्ज मिळते. लघुउद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी २०२० पासून शासनाच्या संकेतस्थळावर विनामूल्य होते. ती करून देण्याबद्दल पैसे मागणाऱ्या मध्यस्थाच्या नादी लागू नये. वाण्याच्या खात्यापेक्षा या वाटा लांबच्या असल्या तरी सुरक्षित आहेत.

दर ठरविताना थाळी मोजू नये, घटका मोजाव्यात. उदाहरणार्थ, पहिल्या पावसानंतर वाडा-शहापूरकडच्या आदिवासी बाया बाजारात शेवळे या रानभाजीच्या जुड्या घेऊन बसतात, आणि जुन्या ठाणेकर घरांत त्या दिवसांत शेवळाची भाजी झाल्याविना चैन पडत नाही. ही भाजी पानात वाटीभर दिसते. परंतु प्रत्येक शेवळाचे वरचे आवरण सोलून, आतल्या दांड्याचा पिवळसर खाजरा भाग काळजीने काढून टाकून, उरलेले जांभळट कोंब बारीक चिरावे लागतात. मग त्याच बायांकडे मिळणारी काकडे, म्हणजे हिरवी आंबट फळे, ठेचून त्यांचा रस काढावा लागतो, कारण या आंबटाविना घशाची खाज राहून जाते. मग तेलावर परतणे, सोडे भिजविणे, वाटण, आणि मंद विस्तवावर शिजविणे. हात खाजतात ते वेगळेच. ज्या दरात बटाट्याची भाजी होते त्याच दरात ही मागणाऱ्या गृहिणीस मी तिच्यासमोर बसून एक जुडी निवडून दाखविते. मग दराचा प्रश्न सहसा उरत नाही. प्रवासाचेही तसेच आहे. गोदामांचे कंटेनर अंजूरफाट्यास किंवा मानकोलीस एकदा अडकले की भिवंडीहून ठाण्यास पोहोचण्याचे काही अनुमान करता येत नाही, आणि तो वेळ आपल्या आयुष्यातून जातो. तेव्हा खाडी ओलांडावयाची असेल तर तो आकार दरात धरला पाहिजे, अन्यथा त्या घराचे काम घेऊ नये.

पदार्थ दर वेळी तोच उतरला पाहिजे, ही या कामातली दुसरी मोठी परीक्षा. कमलाबाई ओगले यांनी १९७० च्या ‘रुचिरा’त वाटी-चमच्याचे प्रमाण दिले आणि अंदाजाने रांधणाऱ्या घरांना माप लाविले; मी प्रत्येक घराची स्वतंत्र वही ठेवून त्या घरात असलेल्याच वाटीने मापे टिपते, कारण वाट्या घरोघर वेगळ्या असतात. त्याच वहीत त्या घराचे नेमधर्म आणि पथ्ये लिहिलेली असतात. भिवंडीसारख्या गावात हे फार जपावे लागते. जैन घरी कांदा-लसूण नाही, बटाटा-गाजरही नाही, आणि चातुर्मासात सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपावयाचे असल्यामुळे सायंकाळची सारी आखणी बदलते. कोकणी मुसलमानांच्या घरी रमजानात इफ्तारची वेळ रोज किंचित सरकते. पद्मशाली घरी चिंच आणि तिखट यांचा हात वेगळा. आगरी घरी खाडीची मासळी नि तांदळाची भाकरी यांत कसूर चालत नाही. एका घरची कढई वा झारा दुसऱ्या घरी कदापि नेऊ नये. कोणी पाहत नाही म्हणून नियम मोडणे हा विश्वासघात आहे, आणि याबाबतीत मी सवलत जाणत नाही. शेंगदाणा, कोळंबी यांसारख्या एखाद्या जिनसाने कोणास बाधा होते काय, हे पहिल्याच दिवशी विचारून वहीत तांबड्या शाईने लिहावे.

आता भाताविषयी. लोक मासळीस भितात आणि भातास निर्धोक मानतात. वस्तुतः तांदळात असणारे एक प्रकारचे जंतुबीज उकळत्या पाण्यातही टिकते, आणि भात झाकून ओट्यावर तसाच कोमट राहिला की वाढून असे विष निर्माण करते जे पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. वाड्याचा कोलम कितीही सुगंधी असो, त्यास हा नियम चुकत नाही. यास्तव रांधलेले अन्न एकतर ६० अंशांच्या वर गरम राहिले पाहिजे, नाहीतर दोन तासांच्या आत पसरट ताटात निववून ५ अंशांच्या खाली शीतकपाटात गेले पाहिजे. मी भात परातीत पातळ पसरते, वाफ गेली की उथळ डब्यांत भरते, आणि निघण्यापूर्वी घरच्या माणसास दाखवून डब्यावर वेळ लिहिते. एका घरी दुपारचा भात रात्री ओट्यावरूनच वाढला गेला, मुलांची पोटे बिघडली, आणि बोल माझ्यावर आला. त्या दिवशी डब्यावरच्या वेळेने आणि मी ठेवलेल्या सूचनेने माझी बाजू राखली.

सरकारी बाजूस हयगय करू नये. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याप्रमाणे घरगुती प्रमाणावर अन्न विकणाऱ्यासही नोंदणी करावी लागते. मी केली तेव्हा वार्षिक उलाढाल १२ लाख रुपयांच्या आत असणाऱ्यास वर्षाला १०० रुपये शुल्क होते. मी अधूनमधून स्वतःच्या घरी रांधून डबेही देते, तेव्हा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक मला लागतोच. परंतु ठरावपत्राच्या शिरोभागी तो असल्यास परघरीही आपल्या शब्दास वजन येते. स्वतःच्या घरून विकावयाचे असेल तर १४.२ किलोची घरगुती टाकी त्या कामी वापरणे बेकायदा आहे, १९ किलोची व्यापारी टाकी घ्यावी. ती महाग पडते, म्हणून तिचा खर्च दरात धरावा.

एक गोष्ट लिहिताना मला आजही क्लेश होतात. एका घरी चांदीची वाटी दिसेनाशी झाली आणि घरातल्या कोणी माझे नाव स्पष्ट घेतले नाही, परंतु त्या दिवसापासून मी स्वयंपाकघरात असेतोवर कोणीतरी दारात उभे राहू लागले. वाटी पुढे देवघराच्या कपाटात सापडली. क्षमा कोणी मागितली नाही, आणि मी त्या महिन्याचा हिशेब पुरा करून ते घर सोडले. परघरी जाणाऱ्या बाईस या संशयापासून संपूर्ण संरक्षण नाही. तरीही पहिल्या दिवशी वापरावयाच्या भांड्यांची यादी गृहिणीबरोबर करावी, चांदी व मौल्यवान वस्तू ओट्यावरून हलविण्याची विनंती करावी, आपली पिशवी जाताना उघडी दाखविण्याची सक्ती मात्र मान्य करू नये. ज्या घरास ती आवश्यक वाटते त्या घरचे काम आपले नव्हे. अनोळखी घरी पहिली भेट एकटीने घेऊ नये, आणि पत्ता व परतण्याची वेळ घरच्यांपाशी लिहून ठेवावी.

काम वाढले की मदतनीस घ्यावी लागते. माझ्याबरोबर आज नारपोलीची एक तरुण विधवा येते; चिरणे, निवडणे, पोळ्या लाटणे तिच्याकडे आहे, आणि आता एका घरचा सकाळचा स्वयंपाक ती एकटीने सांभाळते. तिच्याशीही मी ठरावपत्र केले आहे. ग्राहकाकडून माझे पैसे येवोत वा न येवोत, तिचा रोज त्याच दिवशी सायंकाळी तिच्या हातात पडतो, आणि ज्या घरी ती एकटी जाते तेथील वेतनाचा तिचा हिस्सा यजमानाने परस्पर तिलाच द्यावा असे त्या घरच्या कागदावर लिहून घेतले आहे.