भाचीसाठी कराडच्या मामाचे कानमंत्र

पोरी, विद्यानगरातून इंजिनिअर होऊन आलीस आणि “मामा, फ्लटर की रिअ‍ॅक्ट नेटिव्ह?” विचारून रोज माझा चहा गार करतेस. प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयना समोरासमोर येतात आणि पुढं एकच पात्र होतं. अँड्रॉइड आणि आयफोन एका कोडात आणायचा आपला खटाटोप तसाच, फक्त नदीइतकं सरळ कुणालाच जमलेलं नाही. तेव्हा ऐक.

१. वाद आठवडाभर घाल, मग एक धर – चौकात उभ्या राहणाऱ्याच्या दोन्ही एसट्या चुकतात.

२. जावास्क्रिप्ट हातात बसली असेल तर रिअ‍ॅक्ट नेटिव्ह घे, पाटी कोरी असेल तर फ्लटर – त्याची डार्ट भाषा नवी शिकावी लागते, पण बरंचसं सामान एकाच दुकानात मिळतं.

३. एअरबीएनबीनं २०१८ मध्ये रिअ‍ॅक्ट नेटिव्ह सोडलं म्हणून बिचकू नकोस – त्यांच्याकडं दोन्ही फोनांसाठी वेगळी माणसं होती, तू एकटी आहेस.

४. चौकटीवर, म्हणजे फ्रेमवर्कवर, जीव लावू नकोस – फोनगॅप २०२० मध्ये बंद झालं, झामारिनचा आधार मे २०२४ मध्ये संपला, आणि दोन्हींवर मी लावला होता. औजार भाड्याचं, हिशेब घरचा.

५. म्हणून हिशेबाचा कोड स्क्रीनपासून वेगळा ठेव – माझ्या दूध संकलनाच्या अ‍ॅपात फॅटचा दर १७ स्क्रीनांत विखुरला होता. चौकट बदलताना १६ सापडले, राहिला तो नेमका बिलाचा.

६. नवी आवृत्ती दोन-तीन महिन्यांनी, एकेक पायरीनं चढव – मी दोन वर्षं टाळलं, मग डार्टची नल सेफ्टी आणि अँड्रॉइडच्या ग्रेडलचे बदल एकदमच अंगावर आले. रोज झाडलेल्या अंगणाला दिवाळीचं भ्या नसतं.

७. पण आली त्याच दिवशीही चढवू नकोस – पहिल्या आदणाचा गूळ गुऱ्हाळवाल्यालाच चाखू द्यावा.

८. पॅकेज घेताना त्यात शेवटचा बदल कधी झाला ते बघ – मालक गाव सोडून गेला की बैलाला वैरण तुलाच घालावी लागते.

९. आयफोनसाठी मॅक लागतो आणि अ‍ॅपलचे वर्षाला ९९ डॉलर, हे गिऱ्हाइकाला पहिल्याच बैठकीत सांग – “एकच कोड” ऐकून तो निम्मे पैसे धरतो, तपासणी मात्र दोनदा करावीच लागते.

१०. बटणावर मराठी लिहून बघ – “सेव्ह” बसतं, “नोंद जतन करा” निम्मं कापलं जातं.

११. अ‍ॅप तुझ्या नव्या फोनवर नको, आईच्या दोन जीबीच्या फोनवर तपास, तेही पाटणकडच्या डोंगरात रेंज गेल्यावर – पहाटे पाचला दूध घालणाऱ्याला चौकटीचं नाव ठाऊक नसतं. त्याला पावती निघाल्याशी मतलब.