शेवंतीला कळी का धरत नाही?

प्रश्न : रस्त्याकडेला आमची छोटी नर्सरी आहे. दिवाळी तोंडावर आली, मागच्या रांगांतली शेवंती कळ्यांनी भरली. पुढची रांग मात्र नुसती हिरवीगार. युरिया कमी पडला का? – एक वाचक, सासवड

उत्तर : युरियाची पिशवी आधी बाजूला ठेवा, नत्राने पानंच वाढतील. पुढची रांग रस्त्यावरच्या दिव्याखाली आहे का, ते रात्री जाऊन बघा. रात्र लांबली की शेवंती कळी धरते. रात्रभर उजेड पडला, तर तिच्या लेखी अजून उन्हाळाच. (फुलं लांबवायला काही बागायतदार मुद्दाम रात्री बल्ब लावतात, ते याचसाठी.)

कुंड्या मागे अंधारात हलवा. जागा नसेल तर संध्याकाळी सहा ते सकाळी आठ जाड काळं कापड टाका. बारदानातून उजेड झिरपतो. सकाळी कापड काढायला मात्र विसरू नका, ऑक्टोबरच्या उन्हात रोपं आत उकडून निघतील. शेंडे खुडणं आता बंद. कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला तर उन्हं उतरल्यावर निंबोळी अर्क फवारा.

ही रांग दिवाळीला फुलेल असं गिऱ्हाइकाला कबूल करू नका. अजून दीड-दोन महिने तरी लागतील. काळजी नको, मार्गशीर्षातल्या गुरुवारांना शेवंतीला मागणी असतेच.